ऑटोकॅडमधली सेटिंग्ज परत परत का बदलतात? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी नाशिकला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करतो. ऑटोकॅडमध्ये (कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा प्रोग्रॅम) नवीन ड्रॉइंग उघडलं की रोज तेच, ग्रिड म्हणजे मागची जाळी चालू, लाईनवेट म्हणजे रेघेची जाडी दिसत नाही, लेआउटमध्ये (प्रिंटचा कागद मांडायचा टॅब) हिडन लाईन, म्हणजे तुटक रेघ, सरळ अखंड दिसते. सगळं नीट लावतो, सेव्ह पण करतो, तरी पुढच्या ड्रॉइंगला ये रे माझ्या मागल्या. हे एकदाच कायमचं करायचं बटण कुठंय?

उत्तर: असं एक बटण नाहीये, आणि सगळा घोळ तिथेच होतो. ऑटोकॅड सगळी सेटिंग्ज एका जागी ठेवत नाही. काही त्या ड्रॉइंगच्या फाईलमध्येच जातात, काही तुमच्या तुमच्या विंडोज लॉगिनच्या रजिस्ट्रीत (विंडोज सेटिंग्ज साठवतं ती जागा) म्हणजे प्रोफाईलमध्ये जातात, आणि थोडी अशी आहेत जी कुठेच सेव्ह होत नाहीत, प्रोग्रॅम बंद की गेली. तुम्ही म्हणताय ती तिन्ही, ग्रिडमोड (ग्रिड), एलडब्ल्यूडिस्प्ले (लाईनवेट दिसणं) आणि लाईनटाईपचं स्केल (तुटक रेघेच्या डॅशचा आकार), पहिल्या गटातली आहेत. म्हणजे सेव्ह केलं तेव्हा ती बरोबर सेव्ह झाली, पण त्याच ड्रॉइंगपुरती! नवीन ड्रॉइंगला त्यातलं काहीच माहीत नसतं, ते टेम्प्लेटमधून, म्हणजे कोऱ्या ड्रॉइंगच्या साच्यातून, जन्माला येतं आणि टेम्प्लेट अजून कंपनीतून आलेलं तसंच आहे.

म्हणून टेम्प्लेट बदला. अ‍ॅकडआयएसओ हे मिलिमीटरवालं टेम्प्लेट उघडा (अ‍ॅकड नावाचं इंचवालं आहे, ते चुकून घेऊ नका नाहीतर लाईनटाईपच्या डॅशचा आकारच वेगळा येईल), ग्रिड बंद करा, लाईनवेट चालू करा, तुमचे लेयर, डायमेन्शन स्टाईल, टेक्स्ट स्टाईल, टायटल ब्लॉक सगळं त्यातच घाला आणि सेव्ह अ‍ॅजमध्ये प्रकार डीडब्ल्यूटी निवडून ऑफिसच्या नावाने वेगळी फाईल करा, मूळ फाईलवर लिहू नका. मग ऑप्शन्स, फाईल्स टॅब, टेम्प्लेट सेटिंग्ज, त्यात क्यून्यूसाठी (झटपट नवीन ड्रॉइंगची कमांड) डिफॉल्ट टेम्प्लेट अशी ओळ आहे तिथे या फाईलचा पत्ता द्या. ही ओळ बहुतेकांच्या मशीनवर रिकामीच असते. आता वरचं कोरं पान क्लिक केलं की न विचारता तुमचंच टेम्प्लेट उघडेल.

हिडन लाईनचं थोडं सविस्तर सांगतो कारण यावर लोक उगाच दिवस घालवतात. एलटीस्केल 1 (पूर्ण ड्रॉइंगचं लाईनटाईप स्केल), पीएसएलटीस्केल 1 (लेआउटसाठीचं), एमएसएलटीस्केल 1 (मॉडेल म्हणजे जिथे ड्रॉइंग काढतो त्या टॅबसाठीचं) ठेवा आणि मग रीजेनऑल द्या म्हणजे सगळं नव्याने रेखाटलं जाईल, नुसतं रीजेन नाही. पीएसएलटीस्केल 1 असलं की व्ह्यूपोर्टचं (लेआउटमधली ड्रॉइंग दाखवणारी खिडकी) स्केल 1:50 असो की 1:100, कागदावर डॅश तेवढाच दिसतो. गंमत अशी की हे व्हेरिएबल (नाव टाईप करून बदलायचं सेटिंग) प्रत्येक लेआउटचं वेगळं असतं, म्हणजे पहिल्या लेआउटवर 1 केलं तरी दुसऱ्यावर 0 राहू शकतं, तसंच एलडब्ल्यूडिस्प्लेचंही, मॉडेलचं वेगळं आणि लेआउटचं वेगळं. टेम्प्लेट बनवताना प्रत्येक टॅबवर जाऊन लावा. आणि एलटीस्केल वाढवून 50, 100 करायची जुनी सवय असेल तर ती सोडा, तीच सवय पीएसएलटीस्केलबरोबर भांडते आणि डॅश इतका लांब होतो की रेघ अखंड दिसते.

टेम्प्लेटने जुनी ड्रॉइंग्ज बदलणार नाहीत, ती जशी आहेत तशीच उघडतील.

प्रश्न: कोणतं सेटिंग कुठे सेव्ह होतं हे ओळखायचं कसं? पाठ करायचं का?

उत्तर: पाठ कशाला! ऑप्शन्सच्या डायलॉगमध्ये ज्या ओळीशेजारी ड्रॉइंगच्या फाईलचं छोटं चिन्ह दिसतं ती ड्रॉइंगमध्ये जाते, चिन्ह नसलेली प्रोफाईलमध्ये. व्हेरिएबल असेल तर त्याचं नाव टाईप करून एफ1 दाबा, हेल्पच्या पानावर वरतीच लिहिलेलं असतं, ड्रॉइंग, रजिस्ट्री की सेव्ह होत नाही. कर्सरसाईझ, पिकबॉक्स (निवडायच्या चौकोनाचा आकार), ओएसमोड (ओस्नॅप, म्हणजे कर्सर रेघेच्या टोकाला वगैरे नेमका चिकटणं), लॉक केलेल्या लेयरचा फिकटपणा ही रजिस्ट्रीतली. मिररटेक्स्ट (मिरर केल्यावर अक्षरं उलटी होणं), फिलमोड (भरीव भाग भरलेला दिसणं), पॉइंट दिसण्याचा पीडीमोड ही ड्रॉइंगमधली. सर्कल षटकोनासारखं दिसतं तो व्ह्यूरेस पण ड्रॉइंगमधलाच. हायलाइट (निवडलेली वस्तू उठून दिसणं) हे मात्र कुठेच सेव्ह होत नाही.

प्रश्न: क्रॉसहेअर, म्हणजे कर्सरच्या आडव्या-उभ्या रेघा, मी 100 करते, पूर्ण स्क्रीनभर. दुसऱ्या दिवशी परत छोटा. बॅकग्राउंडचा रंग पण तसाच जातो. हे तर रजिस्ट्रीतलं ना? मग? – पुणे, इंटीरियरचं काम

उत्तर: रजिस्ट्रीतलंच, म्हणून तर टिकायला हवं. रजिस्ट्रीतली बरीच सेटिंग्ज प्रोग्रॅम व्यवस्थित बंद होताना लिहिली जातात, त्यामुळे लाईट गेली, ऑटोकॅड हँग होऊन टास्क मॅनेजरमधून मारलं, की त्या दिवशीचे बदल गेले. आधी एकदा सेटिंग लावून काही न करता नीट बंद करून परत उघडून बघा. दोन ऑटोकॅड एकदम चालवत असाल तर जे शेवटी बंद होतं त्याचंच टिकतं.

तरीही जात असेल तर डेस्कटॉपवरचा शॉर्टकट बघा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेटच्या शेवटी स्लॅश पी आणि पुढे एखादं नाव असेल तर तो शॉर्टकट दर वेळी तेच प्रोफाईल लावतो, तुम्ही बदललं दुसऱ्यात, उघडतंय तिसरंच. सिव्हिल थ्रीडी या ऑटोकॅडवरच बांधलेल्या प्रोग्रॅमच्या शॉर्टकटमध्ये हे हमखास असतं. तेही नसेल तर आयटीवाल्यांना विचारा की तुमच्या लॉगिनला प्रोफाईल्सच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे का, तिथली फिक्स्डप्रोफाईल नावाची एडब्ल्यूएस फाईल रीड ओन्ली झाली किंवा बिघडली की असलेच प्रकार होतात.

सगळं जमलं की प्रोफाईल्स टॅबमधून एक्सपोर्ट करून एआरजी फाईल पेन ड्राइव्हवर ठेवा. मशीन बदललं की इम्पोर्ट, फक्त ऑटोकॅडचं व्हर्जन तेच हवं कारण त्या फाईलमध्ये फोल्डरचे पत्ते पण असतात.

प्रश्न: ओस्नॅप आपोआप बंद होतो. दिवसातून कितीदा तरी. कोण करतं हे?

उत्तर: बहुतेक तुमची कुठली तरी लिस्प, म्हणजे ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम. बऱ्याच लिस्प काम सुरू करताना ओएसमोड 0 करतात आणि संपल्यावर परत होता तसा करतात, मधेच तुम्ही एस्केप दाबलं आणि लिहिणाऱ्याने एररची सोय केली नसेल तर तो 0 वरच राहतो. ओएसमोड टाईप करून आकडा बघा. 0 आला तर लिस्पवर संशय घ्या, 16384 पेक्षा मोठा आला तर एफ3 दाबलं गेलंय एवढंच. मूळचा आकडा 4133 असतो, म्हणजे एंडपॉइंट, सेंटर, इंटरसेक्शन आणि एक्स्टेंशन.

2016 पासून सिस्व्हारमॉनिटर म्हणून कमांड आहे. त्यात व्हेरिएबल आणि तुम्हाला हवी ती किंमत टाकून ठेवा, बदललं की खाली इशारा येतो आणि एका क्लिकवर सगळं जागेवर. ही कमांड फार कमी लोक वापरतात आणि मला ते कळतच नाही, फुकटची सोय आहे.

प्रश्न: मित्र म्हणाला अ‍ॅकडडॉक नावाची लिस्प फाईल केली की दर ड्रॉइंगला सेटिंग आपोआप लागतं. करू का? व्हायरसचं पण ऐकलंय.

उत्तर: करा, पण बेताने. सपोर्ट फाईल सर्च पाथमध्ये (ऑटोकॅड आपल्या फाईली शोधतं ती फोल्डरं) ठेवलेली ही फाईल प्रत्येक ड्रॉइंग उघडताना चालते, तिच्यात एका ओळीत कंस, सेटव्हार, अवतरणात व्हेरिएबलचं नाव, मग आकडा आणि कंस बंद, एवढं पुरतं. माझं मत विचाराल तर तिच्यात ओएसमोड, पिकबॉक्स, हायलाइट असलीच टाका, एलटीस्केल अजिबात टाकू नका. स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं ड्रॉइंग नुसतं बघायला उघडलं आणि सवयीने सेव्ह केलं तर त्यांच्या सगळ्या लाईनटाईप बिघडवून परत पाठवाल. ऑटोकॅड एलटी या कमी सोयींच्या आवृत्तीमध्ये ही युक्ती 2024 च्या आधीच्या व्हर्जनला चालणार नाही, त्यात लिस्पच नव्हती.

व्हायरसची भीती खरी आहे. 2012 मध्ये मेद्रे नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा व्हायरस, सापडला, तो लिस्पमध्येच लिहिलेला होता, पेरूमध्ये सगळ्यात जास्त पसरला आणि ड्रॉइंग्ज चीनमधल्या ईमेल खात्यांवर पाठवायचा. असले प्रकार याच नावांच्या फाईल ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये ठेवून पसरतात. त्यामुळे कुणी झिप पाठवली आणि आत तुम्ही न मागितलेली अ‍ॅकड किंवा अ‍ॅकडडॉक नावाची फाईल दिसली तर उघडायच्या आधी डिलीट. सिक्युअरलोड (अनोळखी फाईल चालवायच्या आधी अडवणारं सेटिंग) 1 च्या खाली आणू नका आणि तुमची स्वतःची फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तेवढंच ट्रस्टेड लोकेशन्समध्ये टाका, अख्खा सी ड्राइव्ह नाही, तसं केलेली ऑफिसं पण आहेत.