शहर वाढतं तसे रस्ते एकमेकांपासून तुटत जातात का?

सोलापुरापुरतं सांगतो: हो, तुटतात. आणि त्याचा रस्त्याच्या रुंदीशी काही संबंध नाही.

माझं लहानपण शुक्रवार पेठेत गेलं. बोळ इतके अरुंद की समोरून रिक्षा आली तर कुणाच्या तरी कट्ट्यावर चढून उभं राहायचं. पण बोळ पुढं कुठंतरी निघायचाच. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीनं मोठे रस्ते भरले की आम्ही बोळाबोळानं बाळीवेस हा भाग गाठायचो.

१९९२ साली हद्दवाढ झाली. शहर सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं होतं, ते १७८ चं झालं. लोकसंख्या १९९१ ला ६ लाख, २००१ ला ८ लाख ७२ हजार. म्हणजे जमीन पाचपट, माणसं दीडपटसुद्धा नाहीत. मधे सगळी शेतं. एकेक शेत विकलं गेलं तसा एकेक ले-आऊट पडला. ज्यानं त्यानं आपल्या शेतापुरता रस्ता सोडला. तो मेन रोडवरून निघाला आणि शेवटच्या प्लॉटपाशी संपला. पुढं शेताचा जुना बांध होता, तिथं आता भिंत. गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं विनापरवाना विकलेल्या जमिनीत, तर एवढाही रस्ता मिळाला तर नशीब.

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी चौकात किती रस्ते मिळतात, किती गल्ल्या पुढं बंद आहेत, वळसा किती पडतो, असं जगभर मोजलं (२०२०). नवे रस्ते बहुतेक ठिकाणी जास्त तुटक निघाले. अमेरिकेत मात्र हा तुटकपणा १९९४ च्या सुमारास कळसाला पोचून उतरू लागला, हे त्यांनीच २०१५ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे हे काही अटळ नाही. आपल्याकडेही राज्याच्या १९६६ च्या नियोजन कायद्यात नगररचना योजना आहे: सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, आधी रस्ते आखायचे, मग प्लॉट परत वाटायचे. पण हे घरं उठायच्या आधी करावं लागतं.

मी आता विजापूर रोडकडं राहतो. आमची गल्ली जिथं संपते त्या भिंतीपलीकडं मावसभाऊ राहतो. त्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, पण गाडीवर जायचं तर सव्वा किलोमीटर. शेंगाचटणीचा डबा भिंतीवरूनच जातो. त्या भिंतीत तीन फुटांचं दार ठेवू या, असं मी गल्लीत सुचवून बघितलं. उत्तर आलं, "चोर येतील की ओ!"