पायथॉन येतं, 50,000 रुपये बाजूला आहेत. क्रिप्टोचा बॉट चालवून महिन्याला काही सुटेल का?

तुमचा प्रश्न असा आहे की पायथॉन बऱ्यापैकी येतं, 50,000 रुपये मोकळे आहेत, तर क्रिप्टोची खरेदी-विक्री आपोआप करणारा बॉट आणि त्यावर नजर ठेवायला डॅशबोर्ड स्वतः बांधावा का, आणि त्यातून महिन्याला काही सुटेल का. बांधा की. सुटायचं मात्र अवघड आहे. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मशिनची कंट्रोल पॅनेलं जोडायचं काम करतो. असा बॉट दीड वर्ष चालवला आणि बंद केला. बिघडला म्हणून नव्हे, हिशेब जमेना म्हणून.

तो हिशेबच आधी सांगतो, कारण कोड लिहायच्या नादात तो शेवटाला राहतो. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, त्यावर 4 टक्के उपकर. खरी मेख पुढं आहे. एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्याच्या नफ्यातून वजा करू देत नाहीत, आणि खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत धरतात. सर्व्हरचं भाडं, वीजबिल वगैरे काही नाही. समजा बॉटनं शंभर सौदे केले. साठांत प्रत्येकी 100 रुपये मिळाले, चाळिसांत प्रत्येकी 125 गेले. हातात राहिले 1,000. कर मात्र 6,000 वर, म्हणजे उपकरासकट 1,872. जिंकून 872 रुपये घरचे घालायचे!

शिवाय 1 जुलै 2022 पासूनचा 1 टक्का टीडीएस. तो नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर कापतात. रिटर्न भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. भाव जराही न हलता 10,000 रुपये शंभर वेळा फिरवले, तर खात्यात साधारण 3,660 उरतात. बॉटचा सगळा रुबाब भराभर सौदे करण्यात, आणि इथं प्रत्येक सौद्याला टोलनाका. एक्स्चेंजची, म्हणजे जिथं क्रिप्टोची खरेदी-विक्री होते त्या ऑनलाइन बाजाराची, फी आणि त्या फीवरचा 18 टक्के जीएसटी अजून धरलाच नाही.

माझा पहिला डॅशबोर्ड यातलं काहीच दाखवत नव्हता. विक्रीतून खरेदी वजा, की आकडा हिरवा. चार महिने मी त्या हिरव्या आकड्यावर खूश होतो. सीए साहेबांनी सौद्यांची फाईल उघडली, माझ्याकडं बघितलं आणि आधी चहा मागवला. तेव्हाच ओळखलं.

आता बांधणीकडं. शून्यापासून लिहायची हौस नसेल तर फ्रीकट्रेड हा तयार बॉट आहे, फुकट आणि ओपन सोर्स. त्यात खोट्या पैशांवर चालवायची ड्राय-रन सोय आहे आणि स्वतःचा डॅशबोर्डही. मी हौशी, म्हणून एक्स्चेंजशी बोलणारी सीसीएक्सटी ही लायब्ररी घेऊन स्वतः लिहिला. सौद्यांची नोंद एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये आणि डॅशबोर्ड स्ट्रीमलिटवर, म्हणजे पायथॉनमधूनच वेबपान बनवणाऱ्या लायब्ररीवर. स्ट्रीमलिटबद्दल एक लक्षात ठेवा. पानावर कुठलंही बटण दाबलं की ती फाईल वरपासून खालपर्यंत पुन्हा चालते. त्यात चुकून ऑर्डर टाकायचा कोड राहिला, तर नुसता आलेख बदलायला गेलात तरी खरेदी होईल. बॉट वेगळा, डॅशबोर्ड वेगळा, आणि डॅशबोर्डनं डेटाबेस फक्त वाचायचा.

एपीआय की, म्हणजे बॉटला तुमच्या एक्स्चेंजच्या खात्यात शिरू देणारी किल्ली, काढताना पैसे बाहेर पाठवायची परवानगी बंद ठेवा आणि की एकाच आयपीला, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्याला, बांधा. घरच्या नेटचा आयपी बदलत राहतो, त्यामुळं लहानसा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा कायम चालू सर्व्हर, भाड्यानं घ्यावाच लागतो. मी सुरुवातीला तो घेतला नव्हता. घरचाच जुना पीसी, इन्व्हर्टरवर.

त्याची फळं जुलैत मिळाली. पाऊस कोसळत होता, लाईट ये-जा करत होती, नेट दर दोन मिनिटांनी तुटत होतं. बॉटनं खरेदीची ऑर्डर पाठवली, ती एक्स्चेंजला पोचली, पण उत्तर परत यायच्या आत नेट गेलं. बॉटला वाटलं ऑर्डर गेलीच नाही, म्हणून त्यानं पुन्हा पाठवली. मग पुन्हा. मी जेवत होतो. उठून बघतो तर एकाच्या जागी तीन खरेद्या. एक्स्चेंजची काही चूक नव्हती, त्यानं सांगितलेलं केलं. तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरला बॉट आपला स्वतःचा क्रमांक देतो, आणि उत्तर आलं नाही तर आधी विचारतो, 'या क्रमांकाची ऑर्डर तुझ्याकडं आहे का?' बंद पडून पुन्हा सुरू झाला की पहिलं कामही तेच, आपली वही आणि एक्स्चेंजची वही ताडून बघणं.

दुसरी चूक मेणबत्त्यांची, म्हणजे कॅन्डलची. कॅन्डल म्हणजे ठरावीक वेळेतल्या भावाच्या चढ-उताराची एक नोंद. यादीतली शेवटची कॅन्डल बहुतेक वेळा अजून तयार होत असते. बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर बॉट तपासताना, ती पूर्ण झालेली असते, म्हणून तिथं निकाल झकास येतो. प्रत्यक्षात बॉट अर्ध्या कॅन्डलवर निर्णय घेतो आणि पाच मिनिटांनी ती उलटी बंद होते. म्हणून यादीतली ती शेवटची कॅन्डल सोडून द्या. रोजची कॅन्डल सहसा यूटीसी या जागतिक वेळेच्या रात्री बाराला बंद होते, म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेपाचला. मी कोडमध्ये आपल्याकडचे रात्रीचे बारा धरले होते. दोन आठवडे कळलंच नाही.

डॅशबोर्डवर काय ठेवावं? पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघतं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. कुणी आलेख मागत नाही, एक आकडा आणि दोन रेघा पुरतात. मी शेवटी तसंच केलं. सगळ्यात वर करानंतरचा निव्वळ आकडा. त्याखाली शिखरापासून भांडवल किती घसरलं ते. 6 टक्क्यांना टेलिग्रामवर मेसेज, 10 टक्क्यांना बॉट आपोआप बंद, आणि हातानं सुरू केल्याशिवाय सुरू होत नाही. मशिनवरचं लाल इमर्जन्सी बटणही असंच असतं, दाबलं की पिळून सोडवल्याशिवाय मशिन हलत नाही. तिसरी गोष्ट, बॉटनं शेवटची नोंद कधी केली. तीन मिनिटं उलटली की ती ओळ लाल. मेलेला बॉट आणि शांत बसलेला बॉट स्क्रीनवर सारखेच दिसतात राव.

रंगीबेरंगी आलेख मीही लावले होते. एकदाही बघितले नाहीत.

'तुमची की द्या, आमचा तयार बॉट महिन्याला ठरावीक टक्के देतो' म्हणणारे टेलिग्रामवर भेटतील. त्यांना उत्तरसुद्धा देऊ नका.

50,000 मधले 45,000 बँकेत राहू द्या. तीन महिने ड्राय-रन, त्यात फी, टीडीएस आणि कर पहिल्या दिवसापासून वजा करा, आणि सौदे दिवसाला दहा नव्हे, महिन्याला दोन-चार होतील अशी पद्धत निवडा. मग उरलेले 5,000 लावा. ड्राय-रन झाला की डॅशबोर्डचा फोटो इथंच खाली टाका, बघू आपण. आकडा तेवढा करानंतरचा असू दे.