एलटीएसमधला ब्राउझर सांभाळताना

फायरफॉक्सचं पॅकेज अंगावर घेतलंस, बरं केलंस. पण आवृत्ती गोठवायची आणि फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या कोडवर बसवायच्या, हा एलटीएसचा, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या लिनक्स आवृत्तीचा, नेहमीचा नियम इथे चालत नाही, हे आधी पक्कं समजून घे. कोड अवाढव्य, आणि साधारण दर चार आठवड्यांनी दुरुस्त्यांचा नवा गठ्ठा. एकेक पॅच उचलत बसणं दोन-चार माणसांच्या आवाक्यातलं नाही. त्यापेक्षा ईएसआर, म्हणजे फायरफॉक्सची जास्त काळ आधार मिळणारी आवृत्ती, नवी आली की अख्खीच घ्यायची. म्हणूनच जून २०२३ मध्ये डेबियन १२ हे लिनक्स आलं ते ईएसआर १०२ घेऊन, आणि पुढे त्याच डेबियनमध्ये ११५ आणि १२८ आले.

खरी मारामारी बिल्डची, म्हणजे कोडमधून चालता ब्राउझर बनवण्याची. नव्या ईएसआरला रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा नवा कंपायलर लागतो. सिस्टिमचा रस्ट मात्र बदलू नकोस, बाकीची पॅकेजं त्यावर उभी आहेत. ब्राउझरपुरता वेगळ्या नावाने कंपायलर पॅकेज कर, डेबियनवालेही तेच करतात. आणि हे लवकर उरक. जुना ईएसआर बंद व्हायच्या आत हाताशी जेमतेम तीन महिने असतात.

चाचणीला तुझा नवा लॅपटॉप नको. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर असतो तसला ४ जीबीचा जुना पीसी घे. महाभूलेखवर सातबारा उघड, प्रिंट काढ, जोडाक्षरं फुटत नाहीत ना बघ. तेही वापरातल्या प्रोफाइलने, म्हणजे ज्यात कुणाचे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज साठलेत अशा. कोऱ्या प्रोफाइलवर सगळंच चालतं. प्रोफाइलची कॉपी आधी काढ, कारण नव्या आवृत्तीत उघडलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती सहजासहजी घेत नाही. विश्रामबागला माझ्याकडे असा एक पीसी पडून आहे, हवा तर घेऊन जा.