जीवरसायनशास्त्र म्हणजे नुसतं पाठांतर का?

प्रश्न : मला रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र दोन्ही आवडतात, म्हणून पदवीला जीवरसायनशास्त्र घ्यावं असं मनात आहे. पण ओळखीतल्या एका ताईनं चयापचयाचा, म्हणजे पेशीत चालणाऱ्या सगळ्या रासायनिक क्रियांचा, तक्ता दाखवला आणि धडकीच भरली. एवढं पाठ कसं होणार? माझं गणितही जेमतेम आहे. घरचे विचारतात, हे शिकून पुढे करणार काय?

उत्तर : तो तक्ता पाहून भल्याभल्यांना धडकी भरते. पण शिकायची सुरुवात त्या तक्त्यापासून करायचीच नसते, त्यातल्या एका बाणापासून, म्हणजे एका क्रियेपासून करायची असते. चल, आत्ताच करून बघू.

ग्लुकोज पेशीत शिरलं की हेक्झोकायनेज नावाचं विकर (एन्झाइम, म्हणजे क्रिया घडवून आणणारं प्रथिन) त्याला एक फॉस्फेट जोडतं आणि त्यापायी एक एटीपी, म्हणजे पेशीचा ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्ची पडतो. पाठ करणारा एवढं लिहून पुढे जातो. तू जरा थांब. ऊर्जा मिळवायला निघालेली पेशी आधी पदरची ऊर्जा का घालते? फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो आणि पेशीपटल मेदाचं. प्रभार असलेला रेणू त्यातून सहजी पार होत नाही, म्हणजे आत आलेलं ग्लुकोज आतच राहिलं. बरं, एटीपीतला फॉस्फेट पाण्याकडेही जाऊ शकला असता, आणि पेशीत पाणी तर उदंड. मग तो वाया का जात नाही? कारण ग्लुकोज जागेवर येऊन बसताच विकराचे दोन भाग मुठीसारखे मिटतात आणि पाणी बाहेर राहतं. ग्लुकोज फोडण्याच्या अशा दहा पायऱ्यांनंतर हिशोब लागतो तो असा : 2 एटीपी घातले, 4 मिळाले.

हे वाचताना पुढचा प्रश्न आपोआप सुचला असेल, तर हा विषय घे, असं मी बेलाशक सांगेन. पाठांतर अजिबात नाही असं मात्र नाही. 20 अमिनो आम्लं त्यांच्या रचनेसकट पाठ हवीतच. ती या विषयाची मुळाक्षरं आहेत. बाकीचं कारण कळलं की लक्षात राहतं.

या शास्त्राचा उगमही अशाच एका प्रश्नात आहे. किण्वनाला, म्हणजे साखर आंबून तिचं मद्य होण्याला, जिवंत पेशी लागतेच, असं मोठमोठे शास्त्रज्ञ मानत होते. 1897 मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस काढला. त्यात जिवंत पेशी नव्हत्या, तरी साखरेचं किण्वन सुरूच राहिलं. 1907 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठी मिळालं.

गणित मात्र टळणार नाही. लॉगॅरिदम, आलेख आणि थोडं कलन (कॅल्क्युलस) लागतं. प्रॅक्टिकलला तू बर्फातलं विकर पिपेटनं मोजून नळीत घालशील आणि 340 नॅनोमीटर तरंगलांबीवर एनएडीएच या रेणूचं प्रकाशशोषण, क्रियेत तो खर्ची पडत असल्यानं, दर काही सेकंदांनी कमी होताना पाहशील. त्या आकड्यांतून क्रियेचा वेग काढायचा आणि तो मायकेलिस-मेंटेन यांच्या 1913 च्या, विकराच्या वेगाचं गणित मांडणाऱ्या समीकरणात बसवायचा. समोर घडणाऱ्या गोष्टीचं गणित पुस्तकातल्यापेक्षा सोपं जातं, हे मी अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलंय. आजपासून रोज अर्धा तास दे, जमेल.

घरच्यांना मोकळेपणानं सांग. रुग्णालयांच्या चाचणी प्रयोगशाळा, औषधनिर्मिती, अन्नाची तपासणी, न्यायवैद्यक, विकरांचे कारखाने, अध्यापन, जैविक माहितीवर संगणकानं केलं जाणारं काम अशा वाटा आहेत. पण नुसत्या पदवीवर पहिलं काम बहुधा ठरावीक चाचण्यांचं असतं. स्वतःचं संशोधन करायचं तर पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी, म्हणजे आणखी बरीच वर्षं. ती तयारी घरात आधीच बोलून ठेवावी. आणि तुझी खरी ओढ रुग्णांवर उपचार करण्याची असेल, तर हा आडमार्ग धरू नकोस. दोन-तीन वर्षांनी मन खट्टू होतं.

विद्यापीठ निवडताना विभागाच्या नावावर जाऊ नकोस. कुठे जीवरसायनशास्त्र म्हणतात, कुठे रेणवीय जीवशास्त्र. अभ्यासक्रम उघडून बघ : सेंद्रिय आणि भौतिक रसायनशास्त्र नीट शिकवतात का, आणि आठवड्याला प्रॅक्टिकलचे तास किती? प्रॅक्टिकल नावापुरतंच असेल, तर नाव कितीही मोठं असो, मी ती जागा सोडेन.

तुझ्या मनातल्या दोन-तीन अभ्यासक्रमांच्या विषयांच्या याद्या मला पाठव. आणि त्या तक्त्यातला दुसरा बाण, जिथे ग्लुकोजचं रूप फ्रुक्टोजमध्ये बदलतं, तो का असावा, याचं तुझं उत्तरही लिही. चुकलं तरी चालेल.