जुलाब फक्त पिल्लाला आहेत, मोठ्या सशाला नाहीत

ताई, दोन्ही सशांना जुलाब झालेत, काय औषध देऊ, असं तुम्ही विचारलंय. घाईघाईत दोघांना एकच औषध पाजू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून मोठ्या सशाच्या पिंजऱ्यात सकाळी काळपट, चिकट गोळे पडलेले असतात, पण दिवसभराच्या लेंड्या गोल आणि सुक्या आहेत. क्रॉफर्ड मार्केटमधून गेल्या आठवड्यात आणलेलं पिल्लू मात्र कालपासून पाण्यासारखं करतंय, एकही धड लेंडी नाही, आणि ते कोपऱ्यात बसून आहे. मोठ्याचं नंतर बघू. पिल्लाला आजच डॉक्टरकडे न्या, सोमवारची वाट बघू नका. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी काही तासांत जातं.

बाजारातली पिल्लं बऱ्याचदा आईपासून लवकर तोडलेली असतात. दुकानदार दोन महिन्यांचं म्हणाला तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. त्यात नवं घर, नवं खाणं, प्रवास. या वयात सगळ्यात आधी संशय येतो तो कॉक्सिडियाचा. हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, दाटीवाटीच्या पिंजऱ्यांत एकाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यानंतर ई. कोलायसारखे जिवाणू. नुसतं बघून यातलं काही ओळखता येत नाही, शी तपासावीच लागते. म्हणून निघताना ताजी शी स्वच्छ डबीत घ्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा.

कुठे न्यायचं? परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच. जवळच्या क्लिनिकमध्ये जाणार असाल तर आधी फोन करून ससे बघतात का ते विचारा. कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टरही कधीकधी सशाला हात लावत नाहीत, आणि तसं स्पष्ट सांगणारा डॉक्टर मला जास्त बरा वाटतो.

तिथे बहुधा आधी कातडीखाली सलाईन देतील. कॉक्सिडिया निघाला तर टोल्ट्राझुरिल किंवा सल्फाचं औषध, क्लॉस्ट्रिडियम या घातक जिवाणूचा संशय असेल तर मेट्रोनिडाझोल. डोस वजनावर ठरतो, तो इथे विचारू नका.

मुलाचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप देऊ का, असं विचारलंय. अजिबात नको. सशाचं अर्धं पचन मोठ्या आंत्रपिशवीतल्या चांगल्या जिवाणूंवर चालतं. पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडावाटे गेलं की ते मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम माजतो, विष सोडतो आणि धडधाकट ससाही दगावू शकतो. मेडिकलवाल्याने दिलेली जुलाब थांबवायची गोळीही नको, तिने आतडं थंडावतं आणि घाण आतच राहते. दही, ताक, भात हे आपले उपाय आपल्यापुरतेच ठेवा. उपाशीही ठेवू नका. सशाला उलटी होत नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतडंच बंद पडतं. सुकं गवत आणि पाणी सतत समोर हवं. पालेभाजी, काकडी, गाजर तूर्त बंद.

कान हाताला गार लागले तर ते वाईट लक्षण. सशाचं अंग साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असतं. एसी बंद करा, कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. ढुंगणाला चिकटलेली शी ओल्या कोमट फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. अंघोळ घालू नका, आधीच गार पडलेला ससा त्यात जाऊ शकतो. पावसाळ्यात या ओल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ उलटं करून बघा.

पिल्लाचा पिंजरा वेगळा करा. ट्रे रोज उकळत्या पाण्याने धुवा, कारण कॉक्सिडियाच्या अंड्यांना फिनेल काही करत नाही. पिल्लाला हात लावल्यावर हात धुऊनच मोठ्याकडे जा.

आता मोठा. ते चिकट गोळे, छोट्या द्राक्षांच्या घडासारखे आणि उग्र वासाचे, ही त्याची दुसऱ्या प्रकारची शी आहे. ससा ती पहाटे थेट तोंडाने उचलून खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. ती पडून राहते म्हणजे एक तर ती त्याला नकोशी झालीय किंवा तोंड तिथवर पोचत नाही. तुम्ही रोज ग्लुकोज बिस्किट आणि पोळीचा तुकडा देता, वजनही वाढलंय म्हणता, तेव्हा कारण समोरच आहे. बिस्किट आणि पोळी आजपासून बंद. पेलेट्स, म्हणजे सशाचं तयार दाणेदार खाणं, रोज वजनाच्या किलोमागे 20–25 ग्रॅम, बाकी पोट गवतानेच भरू द्या. गवत पावसाळ्यात थोडं थोडंच आणा, कुबट वास आला की टाकून द्या.

दोनेक आठवड्यांत सकाळचे गोळे कमी झाले नाहीत तर त्यालाही घेऊन जा आणि मागचे दात बघायला सांगा. दात वाढलेला ससा गवत टाळतो आणि मऊ खाणं तेवढं मागतो, घरच्यांना वाटतं लाडावलाय.