विंडोज ११ वर टर्बो सी++ का चालत नाही?

तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड काहीच नाही. टर्बो सी++ ३.० हा सी/सी++ कोड लिहून चालवायचा, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातला १६-बिट प्रोग्रॅम, आणि ६४-बिट विंडोजमध्ये असे प्रोग्रॅम चालवायची सोयच ठेवलेली नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येते. त्यामुळे ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ बदलत बसू नका, वेळ जाईल.

डॉसबॉक्स घ्या; विंडोजमध्येच डॉसची नक्कल उभी करणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. ते उघडून माउंट कमांडने टर्बो सीचा फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडा, मग बिन फोल्डरमधून टीसी चालवा. माउंटची ओळ डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये ऑटोएक्झेकखाली लिहिली की रोज टाइप करावी लागत नाही. बाहेर नोटपॅडमध्ये बदललेली फाइल आत दिसेना, तर कंट्रोल-एफ४ दाबा. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती!

प्रॅक्टिकलला हेच लागत असेल तर इलाज नाही. पण टर्बो सीमध्ये इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे एक मिळवला की उत्तर थेट उणे. शिवाय स्क्रीन पुसायचे क्लिअरस्क्रीन, की दाबायची वाट पाहणारे गेटसीएच या फंक्शनच्या सवयी पुढे जीसीसी या आजच्या कंपायलरवर अडतात. घरी सरावाला कोडब्लॉक्स हा कोड लिहून चालवायचा आजचा प्रोग्रॅम बरा.