हेतू वाईट नसेल तर परदेशात दारासमोर स्वस्तिक काढणं वंशद्वेषी ठरतं का?

काढणारा माणूस वंशद्वेषी आहे का, हे हेतूवरून ठरतं. ते कुठे काढावं, हे नाही ठरत. आमच्या मंडळात याच गल्लतीवरून अजून धुसफूस चालू आहे, म्हणून लिहितेय.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. दिवाळीला मंडळानं हॉल घेतला होता. एका ज्येष्ठ काकांनी बाहेर फुटपाथला लागून रांगोळीचं हातभर स्वस्तिक काढलं, वर कुंकू भुरभुरवलं. खाली काळं डांबर, त्यावर पांढरं नि लाल. रंगसुद्धा नेमके नाझी झेंड्याचेच! हॉलचा केअरटेकर किल्ल्या घेऊन आला, बघत उभा राहिला आणि काही न बोलता त्यानं फोन बाहेर काढला. त्याला मी सगळं समजावलं, पटलंही. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कोण समजावत बसणार?

म्हटलं, "काका, आत लक्ष्मीपुढे काढू या ना." तर म्हणे, "आपला हेतू शुद्ध आहे. आणि त्यांचं उलटं असतं, तिरकं. आपलं सरळ."

उलटं वगैरे काही नाही हो. त्यांच्याही भुजा आपल्यासारख्या उजवीकडेच वळतात. झेंड्यावर तिरकं होतं हे खरं, पण हिटलरच्या स्वतःच्या निशाणावर सरळच होतं. आपले चार ठिपके रस्त्यापलीकडून दिसत नाहीत.

जर्मन दंडविधानाच्या ८६अ कलमाखाली नाझी चिन्हं मिरवणं गुन्हा आहे. फुली मारलेल्या स्वस्तिकाचा, म्हणजे चक्क नाझीविरोधी माल विकणाऱ्यालाही श्टुटगार्टच्या कोर्टानं दंड केला होता. २००७ मध्ये वरच्या कोर्टानं त्याला सोडलं, कारण विरोध बघताक्षणी कळत होता. मनात काय आहे ते बाहेरून दिसायला हवं, एवढंच माझं म्हणणं होतं.

शुद्ध हेतूचं तुणतुणं वाजवणाऱ्यांनी खारघर आठवावं. २००६ मध्ये तिथे हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं. मालकाचं ज्यूंशी वैर नव्हतं, लक्षात राहील असं नाव हवं होतं फक्त. तिथून अलिबाग किती लांब? त्या पट्ट्यात बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, शतकानुशतकं राहिले, घाण्यावर तेल काढून, घरात मराठी बोलून. मुंबईतल्या ज्यूंनी आवाज उठवल्यावर नाव बदललं, म्हणून विषय मिटला. दुखतंय असं सांगूनही पाटी तशीच ठेवली असती, तर 'हेतू नव्हता' हे मी तरी ऐकून घेतलं नसतं.

आता याचा अर्थ देवघरावर पडदा टाका असा नाही. ते चिन्ह आपलं आहे, हिटलरच्या कितीतरी आधीपासूनचं, आणि घरात नि देवळात ते बिनधास्त काढा. मी काही वकील नाही. नव्या गाडीच्या बॉनेटवर कुंकवानं काढून ऑटोबानला, म्हणजे इथल्या महामार्गाला, लागायचं असेल, तर आधी वकिलाला विचारा. मंडळातल्या काकांना नको.